किडेपोला जाऊन येणे

युगांडाच्या ईशान्य टोकाला, दक्षिण सुदान आणि केनिया यांच्या सीमांच्या बेचक्यात, किडेपो व्हॅली नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ १,४४२ चौरस किलोमीटर, म्हणजे गाभा आणि बफर धरून आपल्या ताडोबा-अंधारी प्रकल्पापेक्षा काहीसे कमीच. मात्र कंपालाहून तिथे पोहोचायला रस्त्याने दोन दिवस मोडतात, आणि आफ्रिकेची सफारी म्हटल्यावर आपल्याकडे ज्या मसाई मारा किंवा सेरेंगेटीच्या सहली निघतात, त्यांत या उद्यानाचे नाव सहसा नसते. २०२४ च्या फेब्रुवारीत मी, माझी पत्नी आणि माझे धाकटे मेहुणे असे तिघे तिथे जाऊन आलो. जागा मेहुण्यांनी निवडली होती. ते सोलापूरचे, पक्ष्यांच्या मागे माळरानांवर आयुष्य घालवलेले, आणि किडेपोच्या पक्षियादीत ४७० हून अधिक जाती आहेत एवढे त्यांना पुरेसे होते. मला जी ओढ होती ती गर्दी नसलेल्या जंगलाची.

एंटेबेहून लहान विमानाने दीड-दोन तासांत थेट उद्यानातल्या धावपट्टीवर उतरता येते, परंतु त्याचे भाडे आमच्या बेताबाहेर होते आणि सामानावरही १५ किलोंची मर्यादा होती. त्यामुळे चालकासह लँड क्रूझर भाड्याने घेऊन रस्त्याने जायचे ठरले. आता मागे वळून पाहताना वाटते की पैसे असते तरी निदान जाताना रस्त्यानेच जावे. उद्यान किती दूर आहे हे अंगाला कळल्याशिवाय तिथली शांतता नीट कळत नाही.

प्रवासाची खरी सुरुवात विमानतळावर न होता पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लसीपासून होते, आणि हे आम्हाला थोडे उशिरा समजले. युगांडाच्या ई-व्हिसाच्या अर्जाला लसीच्या पिवळ्या कार्डाची प्रत जोडावी लागते, म्हणून आधी लस आणि मग व्हिसा हाच क्रम ठेवावा लागतो. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून मात्र ते एकदा मिळाले की आयुष्यभर चालते. परतताना तर हे कार्ड अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण पीतज्वर भारतात नसला तरी तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे, आणि म्हणूनच पीतज्वर असलेल्या देशांतून कार्डाविना येणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे.

ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. पहिल्या केंद्राने आम्हाला ऑनलाइन तारीख दिली, आणि त्या तारखेला सकाळी आठ वाजता तिथे पोहोचल्यावर दारावरच्या चिठ्ठीतून कळले की लसीचा साठा संपला आहे. दुसऱ्या केंद्रावर आठवड्यातले ठरावीकच दिवस होते. तिथल्या बाकांवर आमच्याबरोबर जहाजावर रुजू होणारी चार-पाच तरुण मुले, नायजेरियात यंत्रे बसवायला निघालेले एक अभियंता आणि मुलीच्या बाळंतपणासाठी नैरोबीला जाणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. लसीची भुकटी द्रावात एकदा मिसळली की ती सहा तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत अनेकांचे डोस असतात, त्यामुळे परिचारिका दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन डोकी मोजत होत्या. पुरेशी डोकी जमेपर्यंत कुपी फुटणार नव्हती. मी साठी ओलांडलेली असल्याने डॉक्टरांनी मला वेगळे बसवून जरा जास्त चौकशी केली, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि वयस्कांना तिचा त्रास होण्याची शक्यता थोडी अधिक असते. अंड्याची ॲलर्जी आहे का, जुना काही आजार आहे का, कोणती औषधे चालू आहेत, असे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी सही केली. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे लागले. दोन दिवस अंग थोडे कसकसले, एवढेच.

मलेरियाच्या गोळ्या आमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. त्या तिथे जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून परतल्यावरही आठवडाभर घ्यायच्या होत्या. कपड्यांबाबत चालकाने फोनवर एकच सूचना केली, ती म्हणजे गडद निळे आणि काळे कपडे आणू नका, कारण त्से-त्से नावाच्या चावऱ्या माश्या त्याच रंगांवर येतात. पत्नीने बॅगेतली निम्मी भरती पुन्हा बाहेर काढली.

ऑक्टोबर २०२३ पासून युगांडा एअरलाइन्सचे मुंबई ते एंटेबे थेट विमान सुरू झाले आहे. सहा तासांच्या आत आपण व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर उतरतो, आणि घड्याळ अडीच तास मागे घ्यावे लागते. पहिली रात्र एंटेबेत काढून दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो, तरी कंपाला ओलांडण्यात दोन तास गेले. बोडा-बोडा म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली. त्यांच्या थव्यातून आमची गाडी वाट काढत असताना चालकाने एका टपरीसमोर थांबून आम्हाला न्याहारी करवली. इथली प्रसिद्ध न्याहारी म्हणजे रोलेक्स. तव्यावर कांदा, कोबी आणि टोमॅटो घालून अंड्याची पोळी करायची, तिच्यावर चपाती टाकायची आणि दोन्हींची एकत्र गुंडाळी करून कागदात द्यायची. चपातीला इथेही चपातीच म्हणतात. भारतीयांनी इथे आणलेला हा पदार्थ आता इतका इथला झाला आहे, की तो आम्हाला समजावून सांगताना टपरीवाल्याने अजिबात कसर ठेवली नाही.

कंपाला-गुलू रस्त्यावर नाकिटोमाजवळ झिवा येथे गेंड्यांचे अभयारण्य आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडातून गेंडा पूर्ण नाहीसा झाला होता. २००५ मध्ये केनियातून चार आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतून दोन पांढरे गेंडे आणून इथे त्यांची पैदास सुरू केली गेली. वनरक्षकाबरोबर पायी जाऊन आम्ही एक मादी आणि तिचे पिल्लू पाहिले. पिल्लू आमच्याकडे टक लावून पाहत होते; आईने मान वर करण्याचीही तसदी घेतली नाही. पुढे करुमाच्या पुलावरून नाईल ओलांडली. खाली फेसाळणारे पाणी दिसते, पण पुलावर फोटो काढायला बंदी आहे, आणि कठड्यावरचे बबून उघड्या खिडकीची वाट पाहत बसलेले असतात.

गुलूत मुक्काम होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे वीस वर्षे या उत्तर भागाने बंडखोरांचे युद्ध सोसले. गावेच्या गावे छावण्यांत राहत होती. आमचा चालक याच भागातला, अचोली जमातीचा. त्याचे लहानपण अशाच एका छावणीत गेले असे त्याने सांगितले, आणि विषय तिथेच संपवला. रात्री त्याने आम्हाला मलाक्वांग नावाची भाजी खायला लावली. आंबट पाने आणि दाण्याचे कूट. पहिल्या घासालाच मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. ही पाने अंबाडीच्याच कुळातली. भाकरीऐवजी ताटात रताळे होते, एवढाच काय तो फरक.

गुलूपासून किटगुमपर्यंत रस्ता डांबरी आहे, त्यानंतर तांबडी माती सुरू होते. चालक तिला ‘मरम’ म्हणत होता. हा आपला मुरूमच आहे हे ध्यानात यायला मला तासभर लागला. इंग्रजांच्या काळात रस्ते बांधणाऱ्यांबरोबर हा शब्द इकडून तिकडे गेला असावा. ओरोमच्या पुढे एका उतारावर मागचे चाक बसले. जॅक लावला तर तो मातीत रुतू लागला. चालक दगड शोधत असतानाच तीन गुराखी मुले कुठूनशी आली. खांद्यावर चौकड्यांची चादर, हातात काठी, आणि त्यांतल्या थोरल्याच्या मनगटाला चामड्याच्या वादीने अडकवलेला विटेएवढा लाकडी ठोकळा. करामोजा म्हणजे युगांडाचा हा ईशान्य प्रदेश, आणि तिथल्या गुराख्यांचे हे स्टूल आहे. दिवसा त्यावर बसायचे आणि आडवे झाले की तेच उशाला घ्यायचे. मुलांनी सपाट दगड आणून जॅकखाली सरकवला, चाक बदलेपर्यंत शेजारी बसून राहिली, आणि नंतर आमच्याकडची पाण्याची रिकामी बाटली मागून घेतली. पैसे देऊ केले तर थोरला हसला आणि पुन्हा बाटलीकडेच बोट दाखवले. अर्ध्या तासाच्या त्या खोळंब्यात रस्त्याने एकच वाहन गेले, तेही लष्कराचे.

करेंगा ओलांडून प्रवेशद्वाराशी पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. इथले प्रवेशशुल्क तारखेवर न मोजता चोवीस तासांच्या हिशेबाने आकारतात, त्यामुळे पावतीवर आत जाण्याची वेळ लिहिली जाते आणि बाहेर पडताना ती पाहिली जाते. चार वाजून दहा मिनिटे ही वेळ पुढले तीन दिवस आमच्या चालकाच्या डोक्यात पक्की बसली होती.

मुक्काम आपोका येथे, युगांडा वन्यजीव प्राधिकरणाच्या झोपड्यांत होता. या गोल खोल्यांना बांडा म्हणतात. शिधा आपणच न्यायचा, तिथले स्वयंपाकी तो रांधून देतात. आम्ही तांदूळ आणि मुगाची डाळ पुण्याहून नेली होती. पहिल्या रात्रीची खिचडी चालकाला इतकी आवडली की उरलेले तीन दिवस दुसरे काही करू नका असे त्याने स्वयंपाक्याला परस्पर सांगून टाकले. आपोकाला कुंपण नाही. अंधार पडल्यावर खोलीतून एकट्याने बाहेर पडायचे नाही, टॉर्च आधी दारातून फिरवायचा, आणि चमकणारे डोळे दिसले तर दार लावून घ्यायचे, असे आम्हाला बजावण्यात आले होते. मध्यरात्री भिंतीपलीकडे कापड फाटल्यासारखा आवाज येऊ लागला. थोडा थांबे, पुन्हा येई. पत्नी उठून बसली. खिडकीच्या जाळीतून पाहिले, तर दोन हातांवर एका रानम्हशीची पाठ होती. ती गवत ओरबाडून खात होती, आणि प्रत्येक घासागणिक तिच्या श्वासाची ऊब जाळीतून आत येत असल्यासारखे वाटत होते. आम्ही दोघेही बराच वेळ तसेच बसून राहिलो. ती निघून गेल्याचे कळलेसुद्धा नाही.

सकाळी सातला उजाडते. त्याआधीच आम्ही रेंजरना घेऊन निघालो. आम्हाला मिळालेल्या रेंजर तिशीच्या बाई होत्या, करेंगाकडच्याच, खांद्यावर रायफल आणि मोजके बोलणे. या उद्यानात मुख्य दोन खोरी आहेत, दक्षिणेला नारूस आणि उत्तरेला किडेपो. नारूसमध्ये पाऊस तुलनेने बरा होतो, आणि डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या दिवसांत उद्यानातले पाणी मुख्यतः नारूसच्याच डबक्यांत उरते. म्हणून झाडून सारे प्राणी याच दिवसांत तिथे गोळा होतात. वनखाते हंगामाच्या सुरुवातीला ठरवून गवताचे पट्टे जाळते. त्या काळ्या पट्ट्यांवर बोटभर पोपटी कोंब फुटले होते आणि झेब्रे नेमके तिथेच चरत होते. इथल्या अनेक झेब्र्यांना आयाळ नसते. त्यामुळे चित्रात पाहून पाठ झालेल्या झेब्र्यापेक्षा हा काहीतरी अपुरा वाटतो, पण दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांना त्याची सवय होते.

रेंजरबाईंची पाहण्याची रीत मला शेवटपर्यंत नवलाची वाटली. आम्ही तिघे दुर्बिणी लावून खडकांवर सिंह शोधत होतो, कारण किडेपोचे सिंह कातळांच्या माथ्यावर पहुडतात हे आम्ही वाचून आलो होतो. त्या मात्र हरणांकडे पाहत होत्या. एका वारुळावर हार्टबीस्टचा एक नर चारही पाय जुळवून उभा होता. हा लांबोडक्या तोंडाचा हरणासारखा प्राणी टेहळणीसाठी असा उंचवट्यावर चढतो. त्याच्या मागे आणखी पाच-सहा हार्टबीस्ट, पलीकडे वॉटरबक. आणि चरायचे सोडून सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. ‘‘सिंह कुठे आहे ते त्यांना विचारा,’’ त्या म्हणाल्या, आणि त्या दिशेने गाडी हळूहळू घ्यायला लावली. चारशे मीटरवर, गवताच्याच रंगाच्या कातळावर, आधी मला एक कान दिसला. मग कान हलला आणि त्याच्याभोवती सिंहीण तयार झाली. तिच्या खालच्या सावलीत दुसरी होती. तासभर आम्ही तिथे थांबलो. त्या तासात पहिलीने दोनदा कूस बदलली आणि एकदा जांभई दिली, आणि इतक्या वेळात दुसरी एकही गाडी तिथे आली नाही.

ताडोबात मी पाच-सहा वेळा गेलो आहे. तिथला वाघ मला प्रिय आहे, पण तो दिसल्याबरोबर दोन्ही बाजूंनी अडकलेल्या जिप्सी, चालकांचे एकमेकांना इशारे, ‘साहेब, उभे राहू नका’ अशी ओरड, हे सारे त्याच्याबरोबरच येते. किडेपोत तीन दिवसांत आम्हाला पर्यटकांच्या एकंदर चार गाड्या दिसल्या. याची किंमतही मोजावी लागते. इथले प्राणी गाड्यांना सरावलेले नाहीत, ते लांबूनच वळतात. मोठी लेन्स असूनही मेहुण्यांचे निम्मे फोटो पाठमोऱ्या जनावरांचे आले. ज्याला तीन दिवसांत यादीतल्या सगळ्या नावांवर खुणा करायच्या आहेत, त्याने इथे येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. चित्ता इथे आहे, पण आम्हाला दिसला नाही. बिबट्याही नाही.

रानम्हशींनी मात्र सारी कसर भरून काढली. दुपारी त्या पाण्याकडे निघाल्या आणि आमच्या वाटेवरून आडव्या जाऊ लागल्या. चालकाने इंजिन बंद केले. प्रथम काही जाड्या शिंगांचे नर आले, थांबले, नाक वर करून आमचा वास घेतला आणि पुढे गेले. मग सारा कळप. मेहुण्यांनी चारशेपर्यंत मोजले आणि नाद सोडला. तांबडा धुरळा, शेणाचा ओला वास, पाठींवर बसलेले लाल चोचीचे पक्षी, आणि एवढा मोठा जमाव असूनही खुरांखेरीज आवाज कसलाच नाही. शेवटच्या म्हशी ओलांडून जाईपर्यंत पाऊण तास गेला. मग एक म्हातारा नर एकटाच मागून लंगडत आला, गाडीसमोर उभा राहिला आणि हलेना. रेंजरबाईंनी ओठांवर बोट ठेवले. तो आपला आपण कंटाळून गेला तेव्हाच चालकाने किल्ली फिरवली.

याच खोऱ्यात जिराफही दिसले, बारा-पंधरांचा एक कळप. अशांततेच्या वर्षांत बंदुकांचा सुळसुळाट झाला आणि इथले जिराफ बोटांवर मोजण्याइतके उरले. नंतर बाहेरून जिराफ आणून त्यांची संख्या वाढवण्यात आली. २०१८ मध्ये मर्चिसन फॉल्स उद्यानातून ट्रकांत उभे करून काही जिराफ इथवर आणले गेले. ज्या रस्त्यावर आमची हाडे खिळखिळी झाली, तिकडून सोळा-सतरा फुटी जनावर उभे नेणे म्हणजे काय, याची कल्पना करत आम्ही त्यांना पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी फिरलो. पुढे रेंजरबाई, मागे दुसरा बंदूकधारी, मध्ये आम्ही एका ओळीत. गाडीतून जे पिवळे आणि एकसारखे दिसते, ते पायी चालताना अक्षर न् अक्षर वाचता येते. हत्तीच्या लीदीत फळांच्या बिया होत्या. तरसाची विष्ठा चुन्यासारखी पांढरी, कारण ते हाडे फोडून खाते. इथे ठिपक्यांचे आणि पट्ट्यांचे असे दोन्ही तरस आहेत, आणि त्यांतला पट्ट्यांचा तोच, जो आपल्या सोलापूर-नगरकडच्या माळांवर रात्री फिरतो. झाडेही ओळखीची निघत होती. चिंच मूळ आफ्रिकेचीच. काटेरी हिंगणबेट इथे जागोजागी. आणि पुण्यात काही रस्त्यांच्या कडेला लावलेला, दुधीसारखी फळे लोंबणारा किजेलिया इथे आपल्या घरी उभा होता, त्याच्या सावलीत एक हत्ती डुलक्या घेत होता. तो दिसताच आमची ओळ वाऱ्याचा अंदाज घेऊन मुकाट्याने उलटी फिरली.

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या किडेपो खोऱ्यात गेलो. करामोजोंग भाषेत ‘अकिडेप’ म्हणजे वेचणे; लोक या खोऱ्यात ताडाची फळे वेचायला येत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. ही फळे आंबवून ते दारू करत. नदी म्हणून जी दाखवली, ती वाळूची एक रुंद वाट होती, पाण्याचा थेंब नसलेली, दोन्ही काठांना उंच ताडांच्या रांगा. आपल्या कोकणातल्या ताडगोळ्याच्या ताडाचा हा सख्खा भाऊ. वाळूत उतरून चाललो. हत्तींनी चोखून टाकलेल्या, केसाळ सालीच्या बिया सगळीकडे पडल्या होत्या. पूर्वेला मोरुंगोले डोंगर दिसत होता. त्याच्या अंगाखांद्यावर ईक नावाची छोटी जमात राहते. या खोऱ्यात शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून ते जगत असत. १९५८ मध्ये इथे राखीव क्षेत्र झाले, १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्यांची वाट बंद झाली. रेंजरबाई हे सांगताना ना तक्रारीच्या सुरात बोलल्या, ना समर्थनाच्या. मेळघाटातून उठवलेल्या गावांची मला आठवण झाली, आणि आम्ही ज्या मोकळ्या खोऱ्याचे इतके कौतुक करत होतो, ते मोकळे कसे झाले हेही त्या दिवशी कळले.

नदी ओलांडल्यावर गवत खुरटे झाले. शहामृगांची एक जोडी दिसली. युगांडात रानातले शहामृग याच भागात दिसतात. मग मेहुण्यांनी अचानक चालकाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘थांबव,’’ ते मराठीतच म्हणाले, आणि चालकाला ते समजले.

डावीकडे साधारण ऐंशी मीटरवर एक मोठा, राखी मानेचा पक्षी गवतातून चालला होता. कोरी बस्टर्ड. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक, आणि आपल्या माळढोकाचा जवळचा भाऊबंद. मेहुण्यांच्या तरुणपणी ते सायकलवरून सोलापूरजवळच्या नान्नजला जात. तिथले अभयारण्य १९७९ चे, खास माळढोकासाठी केलेले. तेव्हा सकाळी गेले तर तो दिसे, आता दिसला तर बातमी होते. गेल्या कित्येक वर्षांत ते तिथून हात हलवत परतले होते. इथे तो पक्षी पाऊल उचलायचा, मान किंचित मागे घ्यायचा, थांबायचा, मग पाऊल टेकवायचा. गवतातला एखादा टोळ टिपून पुन्हा तोच डौल. मेहुण्यांनी कॅमेरा उचललाच नाही. पक्षी झुडपांआड जाईपर्यंत त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही, आणि नंतरही बराच वेळ ते गप्प होते. गाडी सुरू झाल्यावर एवढेच म्हणाले, ‘‘दाजी, चाल तीच आहे हो.’’

पुढे दक्षिण सुदानच्या सीमेजवळ कनांगोरोकचे गरम पाण्याचे झरे आहेत. झऱ्यांचे मला फारसे काही वाटले नाही. वज्रेश्वरी पाहिलेल्या माणसाला त्यात नवल नाही. त्से-त्से माश्यांनी मात्र जीव नकोसा केला. शर्टावरून चावतात, आणि झटकल्या तरी मरत नाहीत.

त्या रात्री आपोकाला दिवे मालवल्यावर रेंजरच्या सोबतीने दहा मिनिटे बाहेर उभे राहिलो. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर होते. अगस्ती दक्षिणेला इतका वर, की क्षणभर मला तो दुसराच कुठला तारा वाटला. ध्रुव शोधला. आपण विषुववृत्तापासून चार अंशही वर नव्हतो, त्यामुळे तो क्षितिजाला टेकलेला असणार होता, आणि तिथे तर डोंगर होते. दूर कुठेतरी सिंह ओरडला. डरकाळी म्हणावी तसा तो आवाज नव्हता, ओझे उचलताना माणूस कण्हतो तसा, एकामागून एक, हळूहळू विरत जाणारा. ‘‘चार किलोमीटर,’’ रेंजरबाई म्हणाल्या, आणि आम्हाला आत जायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी चालकाने आम्हाला प्रवेशद्वारातून तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी बाहेर काढले. त्याच्यासाठी तोच सफारीचा सर्वांत रोमांचक भाग होता असे वाटावे, इतका तो खूश दिसला. रात्र किटगुमला काढली, बदललेल्या चाकाचे पंक्चर तिथेच काढून घेतले आणि एका दिवसात एंटेबे गाठले.

मुंबईला उतरल्यावर पारपत्र तपासणीच्या आधी आरोग्य विभागाच्या टेबलापाशी रांग होती. तिथल्या बाईंनी आमची पिवळी कार्डे उघडली, लसीची तारीख पाहिली, बोटांवर काहीतरी मोजले आणि ती परत दिली. तिघांचे मिळून दोन मिनिटांचे काम. आमच्या पुढचे गृहस्थ बाजूला उभे होते. कंपालात त्यांचे दुकान आहे आणि ते वर्षातून तीनदा ये-जा करतात असे ते सांगत होते. कार्ड आहे, पण या खेपेला ते दुकानाच्या गल्ल्यातच राहिले. ते फोनवर कुणाला तरी गुजरातीत गल्ला उघडायला सांगत होते, आणि बाई शांतपणे म्हणत होत्या, ‘‘फोटो आला तरी तो चालेल की नाही ते साहेब ठरवतील. तोपर्यंत बसा.’’